आतून वाजणारं दार

“आधी आतल्या माणसाला विचार गं. बाहेर उभे राहून सगळेच शहाणे असतात.”

वन्सं हे म्हणाल्या तेव्हा मी त्यांच्या उशीचा अभ्रा बदलत होते आणि माझं अर्धं लक्ष एका मोडक्या अवकाशस्थानकात होतं. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. फुप्फुसं थकल्यापासून आमच्याकडेच असतात, आतल्या खोलीत. नाकात नळी, पलंगाशेजारी प्राणवायूचं यंत्र. ते यंत्र कुणीतरी भरपेट जेवून घोरत असल्यासारखं वाजत राहतं. सुरुवातीला ह्यांना त्या आवाजाने झोप येत नसे. आता तो थांबला तर येणार नाही.

अवकाशस्थानक माझ्या नोकरीतलं. मी व्हिडिओ गेमसाठी मोहिमा रचते. हे वाक्य मी नातेवाइकांत उच्चारलं की कुणीतरी हवापाण्याचा विषय काढतं. एका चुलत दिरांची अजूनही समजूत आहे की मी टीव्ही दुरुस्त करते. भेटले की ते त्यांच्या रिमोटची तक्रार सांगतात आणि मी ती मन लावून ऐकते. शिवाय माझं राहणं हे असं. एक वेळ जेवण, दिवा लावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, खोटं बोलायचं नाही, मनगटाला सदैव जपमाळ. अशा बाईने लेझर तोफा आणि उल्कावर्षाव यांचा विचार करून पगार घ्यावा, हे ऑफिसातल्या लोकांनाही पटत नाही. पगार वाढवताना तर अजिबातच पटत नाही.

आमच्या खेळात खेळाडू हा दूरच्या काळातला एक दुरुस्तीवाला असतो. माणसांनी टाकून दिलेल्या अवकाशस्थानकात तो एकेक बिघाड सोडवत पुढे जातो. प्रत्येक मोहीम म्हणजे एक कोडं, आणि माझा एकच हट्ट, की कोड्याला अनेक उत्तरं हवीत. एकच उत्तर असेल तर ती परीक्षा झाली, खेळ कसला?

तर त्या वेळी मी अडले होते ती मोहीम अशी. स्थानकात झाडं वाढवायची एक खोली आहे. तिचं दार मिटलंय आणि आत झाडं सांभाळणारी एक म्हातारी अडकली आहे. हवा संपत आलेली. बाहेरच्या बाजूला एका कोठडीत दांडा आहे. तो दाबून धरला तरच दार उघडतं, सोडला की मिटतं, आणि कोठडीही कायमची बंद होते. म्हणजे दांडा धरणारा मागे राहणार. तिला सोडून तुम्ही निघून जा, किंवा तिला बाहेर काढा आणि तुम्ही मागे राहा. वाटा दोन, दोन्ही स्मशानाकडे जाणाऱ्या. तिसरी मला सुचेना. अभ्र्यात उशी कोंबता कोंबता मी वन्संना हे सगळं सांगितलं, आणि त्यांनी ते वरचं वाक्य ऐकवलं.

वन्संनी सगळं आयुष्य चौकशीच्या खिडकीत काढलं होतं. गाडी कधी, फलाट कुठला, सामान कुठे सोडवायचं. अख्ख्या जगाने त्यांना प्रश्न विचारले. आजारी पडल्यावर मात्र त्यांना कुणी काही विचारेनासं झालं. डॉक्टर ह्यांना विचारत, हे शेजाऱ्यांना विचारत, आणि वन्सं आत पडून स्वतःबद्दलची माहिती दाराच्या फटीतून मिळवत.

बोलण्यात श्वास खर्च करायला त्या तयार नसत. तो टोमण्यांसाठी राखून ठेवलेला. कामासाठी चमचा. पलंगाच्या लोखंडी कडेवर एक ठोका म्हणजे पाणी, दोन म्हणजे इकडे ये, तीन म्हणजे जा आता, मला पडू दे.

तिथेच मला माझी तिसरी वाट सापडली. खेळाडूने दांड्याचा नाद सोडायचा आणि दाराला टेकून चक्क बसायचं. कशालाही हात लावायचा नाही. थोड्या वेळाने आतून दार वाजतं. तसंच आपण बाहेरून वाजवायचं. आतल्या बाजूला एक कडी आहे, म्हातारीला ती ठाऊक आहे, पण बाहेर माणूस आहे की नुसती पोकळी, हे कळल्याशिवाय बिचारी ती काढणार कशी? आपण उत्तर दिलं की ती कडी काढते आणि दोघंही चालत बाहेर पडतात.

आतून वाजणाऱ्या ठोक्यासाठी मी वन्संचा चमचा गुपचूप फोनवर टिपून घेतला. आमचा ध्वनीवाला तो ऐकून हरखला.

“काय ठोका आहे हो बाई! कुठल्या भांड्याचा?”

“पलंगाचा,” मी म्हटलं.

वन्संना एवढंच सांगितलं की खेळ बाजारात आला की ही मोहीम तुम्ही स्वतः खेळायची. दोघींची... म्हणजे दोघांची सुटका होईल अशी वाट आहे. दाराशी बसा, ते वाजेल.

“वचन?”

“वचन.”

आता माझ्या मौनाविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्याने घडवलं. प्राणवायूचं यंत्र घरात आलं त्या दिवशी मी देवाला म्हटलं, सकाळी उठल्यापासून दुपारी बारापर्यंत मी एक शब्द बोलणार नाही, तू एवढा वन्संचा श्वास सांभाळ. देव हो म्हणाला नाही. नाही असंही म्हणाला नाही. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ मी संमती असा घेतला.

ऑफिसात मौनाची रीतसर नोंद करायची तर अर्जात त्यासाठी रकानाच नव्हता. कर्मचारी विभागातल्या बाईंनी बराच विचार करून मला ‘ऐकण्याची अडचण’ या सदरात टाकलं. तेव्हापासून सकाळी लोक माझ्याशी ओरडून बोलतात. काहींना सवय लागली आहे, ते संध्याकाळीही ओरडतात.

आमच्या विभागाची बैठक रोज सकाळी दहाला. ती घेणाऱ्या साहेबांना आम्ही मुदतसाहेब म्हणतो, कारण कुणी काहीही सांगितलं तरी ते “मुदत कधीची?” एवढंच विचारतात. बैठकीत मला बोलायचं नसल्यामुळे मी टेबलाखाली माळ ओढत बसते. एकेक मणी सरकतो तशी माझी मान जराशी खाली जाते. ही सवय मला स्वतःला माहीत नव्हती.

त्या दिवशी साहेब म्हणत होते, “ही तिसरी वाट कुणाला सापडणार? हातावर हात ठेवून बसण्यासाठी कुणी खेळ विकत घेत नाही. शिवाय एखादं मरण असलं की लोक रडतात, आणि रडले की चार जणांना सांगतात. काढून टाकू. बाईंना चालेल ना?”

मणी सरकला. मान गेली.

“बाईंचीही मान्यता. पुढचा विषय.”

बारा वाजल्यावर मी त्यांच्या केबिनमध्ये गेले.

“साहेब, ती मान जपाची होती.”

साहेब सभ्य माणूस. त्यांनी मला खुर्ची दिली. “बाई, तुमच्या श्रद्धेचा मला आदर आहे. पण इतिवृत्तात जपाचा रकाना नाही.”

“मग आता?”

“बदल समितीकडे जा. रचनाकाराने स्वतः येऊन तोंडी मांडणी करायची. लेखी चालत नाही, लेखीतून गैरसमज होतात.”

“समिती बसते कधी?”

“सकाळी दहाला.”

“दुपारी नाही बसत?”

“दुपारी ते सदस्य दुसऱ्या समित्यांत असतात.”

मी घरी आले आणि देवापुढे बसले. देवाने नेहमीप्रमाणे माझं सगळं ऐकून घेतलं.

खेळ बाजारात आला. वन्संच्या पलंगासमोर आम्ही मोठा पडदा लावून दिला. त्या रोज थोडं थोडं खेळत आणि हाती येईल ते फुकट न घालवता पुढे सरकत. अखेर त्या माझ्या दाराशी पोचल्या. दांड्याला त्यांनी हातही लावला नाही. आपल्या दुरुस्तीवाल्याला दाराला टेकून बसवलं आणि हातातला कंट्रोल पांघरुणावर ठेवून त्या वाट बघत राहिल्या. मी रचलं होतं अगदी तसं. जगात ज्यांनी ज्यांनी तो खेळ घेतला असेल, त्यांत बरोबर उत्तर दिलेली बहुधा ही एकच बाई.

दार वाजलं नाही.

“थोडं थांबावं लागतं का गं?”

सकाळ होती. मी अभ्र्याच्या सुरकुत्या नीट करत राहिले.

दुपारी त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, “वाट मी रचली होती, वन्सं.” हे खरंच होतं. त्यांनी मान डोलावली आणि आणखी थांबायचं ठरवलं.

मग आमच्या घरात कुणाचं तरी देणं लागत असल्यासारखे शेजारी येऊ लागले. समोरच्या घरातले मीटरकाका आधी आले. ते वीजखात्यातून निवृत्त झालेले, आणि पडदा, पंखा, फ्रिज यांच्याकडे अजूनही संशयाने बघतात. पडद्यावरच्या दाराचं त्यांनी जवळ जाऊन निरीक्षण केलं.

“वहिनी, यात अर्थिंगच नाही. दार उघडेल कसं?”

वरच्या मजल्यावरच्या काकूंचं मत पडलं की आतली म्हातारी मुळात चांगली बाई नसावी, नाहीतर तिची माणसं तिला असं कोंडून गेली नसती. “एवढ्या मोठ्या यानात एक नातेवाईक नाही म्हणजे बघा!” हे ऐकून वन्संनी चमचा उचलला आणि तीन ठोके दिले. काकूंना त्याचा अर्थ माहीत नव्हता, त्यामुळे त्या चहा होईपर्यंत बसल्या.

ह्यांनीही एकदा खेळून पाहिलं. ऑफिसातून आल्या आल्या, बूट न काढता, दार, दांडा, भिंत, छत, सगळीकडे दुरुस्तीवाल्याचं डोकं आपटून झालं. “तू रचलंयस ना? मग सांगून टाक की!”

“सांगितलं तर कोडं कसलं?” वन्सं म्हणाल्या. माझी बाजू घेतली त्यांनी. मला जमीन दुभंगावी असं झालं.

शेवटी मी बदल समितीत ध्वनीवाल्याला बरोबर नेलं. तोंडी मांडणी त्याने करायची, मी शेजारी बसून खुणा करायच्या. आदल्या दुपारी मी त्याला सगळं समजावलं होतं, पण समितीसमोर त्याच्या तोंडचं पाणी पळालं आणि डोक्यातलंही सगळं वाहून गेलं. तो सारखा माझ्याकडे बघू लागला. मी मूठ वळून हवेत दार ठोठावून दाखवलं. तो नुसता बघत राहिला. मी जरा जोरात ठोठावलं.

“बाईंचं म्हणणं,” तो घाम पुसत म्हणाला, “दार फोडता यायला हवं.”

मी दोन्ही हात हलवले. समितीच्या अध्यक्षांना माझा उत्साह फार आवडला. म्हणाले, इतकी वर्षं बघतोय, पण बाईंना इतक्या पोटतिडकीने काही मागताना पहिल्यांदा पाहिलं. ठराव एकमताने मंजूर. ध्वनीवाल्याने नंतर माझी इतकी माफी मागितली की बारा वाजल्यावर मलाच त्याचं सांत्वन करावं लागलं.

पुढच्या आठवड्यात खेळात हातोडा आला.

तो सापडला मीटरकाकांना. वन्संना त्या दिवशी धाप होती, म्हणून कंट्रोल काकांच्या हातात होता. मी दारात कपड्यांच्या घड्या करत उभी. “वहिनी! हातोडा आहे की हो कोपऱ्यात! एवढे दिवस दिसलाच नाही!” आणि मी हातातली चादर टाकून पुढे होईपर्यंत त्यांनी घाव घातला. एक, दोन, धाड.

“फुटलं!” काका लहान पोरासारखे नाचले.

दार फुटलं, घावाने स्थानकाची भिंतही तडकली आणि आतली उरलीसुरली हवा शिट्टी वाजवत निघून गेली. झाडं एकदम वाळून काळी पडली. त्यांच्यामध्ये ती म्हातारी बसलेली दिसली, दाराकडे तोंड करून, हात वर उचललेला. मग हात खाली आला. पडद्यावर सोनेरी अक्षरं उमटली. मोहीम यशस्वी.



“यशस्वी?” वन्संनी विचारलं. “कुणाची?”

काकांनी कंट्रोल हळूच पलंगावर ठेवला. “वीज जाऊन आली की सगळं पहिल्यासारखं होतं ना, तसं काही करता येतं का यात?” वन्संनी मागची साठवलेली जागा उघडली, दुरुस्तीवाल्याला पुन्हा मिटल्या दाराशी नेलं आणि बसवलं. हातोड्याकडे त्यांनी पाठ फिरवली. काका त्यानंतर आले की चपलासुद्धा आवाज न करता काढत.

डॉक्टर आले ते त्यानंतर लगेचच, सकाळचे. तपासून बाहेर आले आणि आमच्या अरुंद बोळात उभे राहून ह्यांच्याशी बोलू लागले. दवाखान्यात हलवलं तर घशातून नळी घालता येईल, आणखी काही काळ निघेल. घरीच ठेवलं तर? डॉक्टरांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. मीटरकाका स्वतःच्या दारात येऊन उभे राहिले आणि त्यांच्या मेव्हण्याला नळीने किती फरक पडला ते सांगू लागले. वरच्या काकू जिन्यात थबकल्या. त्यांच्या ओळखीतल्या एका बाईंना नळीने काहीच फरक पडला नव्हता. हे दोघांकडे आळीपाळीने बघत होते. मी त्या सगळ्यांच्या मधे पाण्याचे पेले घेऊन उभी होते, तोंड मिटून.

आतून दोन ठोके आले.

मी गेले. वन्सं भिंतीला टेकून बसल्या होत्या. दाराची फट बोटभर उघडी.

“काय ठरलं माझं?”

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

“बोलणार नाहीस. असू दे. बारापर्यंत थांबते मी. आपल्याला काय, कुठली गाडी पकडायचीय?”

मी ऑफिसला गेलेच नाही. त्यांच्या पायाशी बसून राहिले. घड्याळाचे काटे जुळले तेव्हा मी आधी खाकरले.

“वन्सं, तुम्हाला काय हवंय?”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली.

“इथंच राहायचंय,” त्या म्हणाल्या. “घशात नळी घालून घेतली तर टोमणे कुठून मारू? आणि तुझ्या ह्यांना सांग, कमी दिवस निघाले तर निघाले. मी हिशेब मागणार नाही.”

“सांगते.”

“आणि ते दार वाजू दे. तू म्हणाली होतीस.”

इथे मला खोटं बोलता आलं असतं तर माझं आयुष्य फार सोपं झालं असतं. “ते वाजणार नाही, वन्सं. ऑफिसने काढून टाकलं.”

“तुला विचारलं नाही?”

“विचारलं.”

त्या माझ्या मनगटाकडे बघत होत्या. माळेकडे. मग त्यांच्या तोंडावर हसू आलं, म्हणजे एकाच बाजूला, दुसऱ्या बाजूला नळीची पट्टी होती. “मान हलवलीस?”

मी माळ मुठीत लपवली.

“जप करताना हलते तुझी. मी रोज बघते इथून. तो झाडू विकणारा आला होता सकाळचा, आठवतंय? तू माळ ओढत दारात उभी राहिलीस आणि तो चार झाडू देऊन गेला. मला वाटलं तुला माहीत असेल.” धाप लागली. मी पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने त्यांनी तो बाजूला केला. “ही सकाळची दातखीळ माझ्यासाठी ना?”

“हो.”

“मग माझ्यासाठीच बोल. ती तुझी कमिटी सकाळी बसते ना? जा आणि बोल.”

“आणि तुमच्या श्वासाला काही झालं तर?”

“त्याला जे व्हायचं ते होणारच आहे. तो काय तुझ्या तोंडात ठेवलाय?” मग जरा मऊ होऊन, “देवाला सांग, वन्संनीच सुट्टी दिली म्हणून. तुला भीती वाटत असेल तर माझ्यावर ढकल.”

“बोलेन,” मी म्हटलं. आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. “बोलेन, वन्सं.”

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे चिडले. “ताईला विचारलं असतं तर ती नाहीच म्हणणार होती! म्हणून तर विचारलं नव्हतं.” म्हणाले आणि स्वतःचंच वाक्य कानांवर पडल्यासारखे थांबले. मग आतल्या खोलीत गेले. खूप वेळाने एकच ठोका आला आणि ह्यांनी उठून पाणी दिलं. डॉक्टरांना फोन त्यांनी बोळात जाऊन केला नाही. तिथेच, पलंगावर बसून केला.

सकाळी आंघोळ करून मी दिवा लावला. देवाला काय सांगायचं ते रात्रभर ठरवत होते, पण समोर बसल्यावर एवढंच मनात आलं, की इतके दिवस मी तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ लावत आले, आज तू माझ्या बोलण्याचा लाव. दिव्याची वात सरळ होती. तिचाही काही अर्थ लावायचा मोह मी आवरला.

बदल मंजूर झाला तरी तो खेळात येईपर्यंत दिवस जाणार होते. दार वाजेल तेव्हा ते ऐकायला पलंगावर कुणी असेल का, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. वन्सं पडून होत्या, पडद्यावर त्यांचा दुरुस्तीवाला दाराशी बसलेला. मी माळ मनगटातून काढली आणि त्यांच्या उशीशी ठेवली. त्यांनी डोळे उघडले नाहीत. मी चपला घातल्या आणि दार लोटून घेणार, तेवढ्यात आतून चमचा वाजला. एक. मी थांबले. दोन. मग दम घेऊन, पुष्कळ वेळाने, तिसरा.

जा आता.

लिफ्टमध्ये मीटरकाका भेटले. सकाळी मी बोलत नाही हे अख्ख्या इमारतीला पाठ आहे, त्यामुळे ते एकटेच बोलत राहिले. पाण्याची टाकी, लिफ्टचा आवाज, रात्री नीट झोप नव्हती. खाली पोचल्यावर त्यांनी माझ्या रिकाम्या मनगटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दार धरून उभे राहिले. मला त्यांना काहीतरी सांगावंसं वाटत होतं. पण दिवसाचा पहिला शब्द मी ठरवून ठेवला होता, तो समितीसमोर म्हणायचा होता, आणि तो ‘नाही’ होता.

मी मान अजिबात न हलवता त्यांच्याकडे बघून हसले आणि रस्त्याला लागले.